वर रहदारी, खाली खोदकाम
(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

बॉस्टन हे अमेरिकेतल्या जुन्या शहरांपैकी एक. शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला त्याच १६३० साली इंग्लंडहून आलेल्या प्युरिटन पंथाच्या लोकांनी ते वसवले. बहुतेक बाजूंनी पाणी आणि मुख्य भूमीशी जोडणारी एक चिंचोळी पट्टी, एवढ्याच जागेत मूळ वस्ती होती. पुढे समुद्रात भराव टाकून शहर वाढत गेले. मुंबईकरांना यात काही नवल वाटायचे नाही. जुने रस्ते मात्र होते तसेच राहिले, अरुंद आणि वळणावळणाचे. अशा शहरात विसाव्या शतकाच्या मध्याला मोटारी शिरल्या आणि सगळ्यांचीच कोंडी झाली.

त्यावर सरकारने शोधलेला उपाय त्या काळाला साजेसा होता. १९४८ साली बॉस्टन परिसरासाठी महामार्गांचा बृहत् आराखडा तयार झाला. शहराच्या मध्यातून उत्तर-दक्षिण जाणारा एक सहापदरी उड्डाणमार्ग बांधायचा आणि शहराभोवती गोलाकार रस्त्यांची कडी करायची, अशी ती योजना. विल्यम कॅलहन हे त्या वेळचे सार्वजनिक बांधकाम खात्याचे प्रमुख. माणूस धडाडीचा, आडवे येणाऱ्याची फिकीर न करणारा. १९५१ साली काम सुरू झाले आणि १९५९ मध्ये हा 'सेंट्रल आर्टरी', म्हणजे शहराची मध्यवर्ती धमनी, पूर्ण झाला. त्याला जॉन फिट्झजेराल्ड यांचे नाव दिले. हे बॉस्टनचे एके काळचे महापौर आणि जॉन केनेडी यांचे आईकडचे आजोबा. नाव लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

या रस्त्यासाठी सुमारे २० हजार माणसांना घरे सोडावी लागली. नॉर्थ एंड ही इटालियन स्थलांतरितांची दाट वस्ती होती. ती आणि शहराचा गाभा यांच्यामध्ये लोखंडी खांबांवर उभी असलेली, हिरवा रंग फासलेली एक भिंतच आली. खाली कायमचा अंधार, वर कायमचा गोंगाट. लोक इतके संतापले की दक्षिणेकडचा शेवटचा तुकडा सरकारला जमिनीखालून न्यावा लागला. म्हणजे रस्ता पुरा व्हायच्या आतच, शहरातून उड्डाणमार्ग नेणे ही चूक आहे, हे बांधणाऱ्यांनी अर्धेमुर्धे मान्य केले होते!

रस्त्याची आखणी दिवसाला ७५ हजार गाड्यांसाठी होती. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथून सुमारे दोन लाख गाड्या जाऊ लागल्या. चढण्या-उतरण्याचे २७ रॅम्प, तेही जवळजवळ. बंद पडलेली गाडी बाजूला घ्यायला कडेला जागा नाही. अमेरिकेतल्या शहरी महामार्गांवरील अपघातांच्या सरासरीच्या चौपट अपघात या एका रस्त्यावर होत. दिवसातले दहा-दहा तास गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत. शिवाय तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. ते पोलादाला आणि काँक्रीटमधल्या सळयांना खाते. थोडक्यात, वीस-पंचवीस वर्षांतच रस्ता अपुराही पडला आणि झिजलाही.

एवढी गर्दी या एकाच रस्त्यावर का आली, हेही पाहायला हवे. मूळ आराखड्यातली शहराभोवतीची आतली कडी कधी बांधलीच गेली नाही. केंब्रिज, सॉमरव्हिल, रॉक्सबरी अशा वस्त्यांमधून ती जाणार होती. सेंट्रल आर्टरीने काय केले ते लोकांनी पाहिले होते. ते रस्त्यावर उतरले. फेब्रुवारी १९७० मध्ये गव्हर्नर फ्रान्सिस सार्जंट यांनी दूरचित्रवाणीवर येऊन सांगितले की शहराच्या आतील भागातली बहुतेक महामार्गांची कामे थांबवली आहेत आणि आजवरचे धोरण चुकीचे होते. हे सार्जंट स्वतः पूर्वी सार्वजनिक बांधकाम खात्याचे प्रमुख होते, म्हणून त्यांच्या या कबुलीला मोल. हा निर्णय योग्यच होता असे मला वाटते. पण त्याचा एक परिणाम झाला. शहर ओलांडून जाणाऱ्या गाड्यांना जुन्या हिरव्या उड्डाणमार्गावाचून दुसरा मोठा रस्ता उरला नाही. तो पाडून नवा बांधावा तर बांधेपर्यंत गाड्या जाणार कुठून?

इथे फ्रेड साल्वुची हे नाव येते. इटालियन वंशाच्या कुटुंबातला हा मुलगा मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत स्थापत्य अभियांत्रिकी शिकला. ब्रायटन भागातले त्याच्या आजीचे घर १९६०च्या दशकात टोल-महामार्गाच्या विस्तारासाठी सरकारने ताब्यात घेतले. वृद्ध, विधवा आजीला उतारवयात घर सोडावे लागले, हे साल्वुचींनी अनेकदा सांगितले आहे. तरुण अभियंता म्हणून ते महामार्ग-विरोधकांच्या बाजूने उभे राहिले, आणि पुढे मायकेल डुकाकिस गव्हर्नर झाल्यावर त्यांचे वाहतूक सचिव झाले, एकदा १९७५ मध्ये आणि पुन्हा १९८३ मध्ये.

जुना रस्ता जमिनीखाली घ्यावा, ही कल्पना त्यांच्या डोक्यात भरवली ती एका रस्ते-कंत्राटदाराने. रस्ते-विरोधक आणि रस्ते-कंत्राटदार यांचे एकमत व्हावे असा हा दुर्मीळ प्रसंग. पण एकट्या या कामाला राजकीय पाठबळ मिळेना. शहरातल्या व्यापाऱ्यांना हवा होता विमानतळाकडे जाणारा, बंदराखालचा तिसरा बोगदा. त्याला ईस्ट बॉस्टनच्या रहिवाशांचा विरोध, कारण बोगद्याचे तोंड त्यांच्या घरांवर येणार. साल्वुचींनी दोन्ही कामे एकत्र बांधली आणि बोगद्याचे तोंड विमानतळाच्याच जागेत नेले. राहते घर पाडायचे नाही, ही त्यांची अट होती.

केंद्राचा पैसा मिळवणे हे वेगळेच नाट्य. १९८७ साली ज्या रस्ते-विधेयकात या कामाला मान्यता होती, त्यावर अध्यक्ष रेगन यांनी नकाराधिकार वापरला. तो उलटवायला सिनेटमध्ये शंभरातली ६७ मते लागतात. पडली बरोबर ६७! नॉर्थ कॅरोलायनाचे सिनेटर टेरी सॅनफर्ड यांनी ऐनवेळी मत बदलले आणि एका मताने बॉस्टनचा रस्ता वाचला. साल्वुचींना याच कामात उत्तर आणि दक्षिण या दोन मोठ्या रेल्वे स्थानकांना जोडणारा रेल्वे-बोगदाही हवा होता. तो मात्र वॉशिंग्टनच्या विरोधामुळे गळाला.

१९९१ साली काम सुरू झाले. आता हे सगळे केले कसे, ते पाहू.

डोक्यावर सहापदरी रस्ता चालू आहे, त्यावरून रोज लाखो लोक जात आहेत. त्याच्या नेमके खाली आठ ते दहा पदरी बोगदा खणायचा आहे. रस्त्याचे खांब जिथे रोवले आहेत, तीच माती काढायची आहे. बरे, ती मातीही मूळची नाही. जुन्या बंदराचा भराव, धक्क्यांची लाकडे, विटांचे तुकडे, आणि झिरपणारे समुद्राचे पाणी. आधी गॅस, वीज, टेलिफोन, पाणी, सांडपाणी यांच्या मिळून सुमारे २९ मैल वाहिन्या बाजूला हलवाव्या लागल्या. त्या काळात कोणाचाही नळ किंवा दिवा बंद ठेवून चालणार नव्हते.

मग भिंती. नियोजित बोगद्याच्या दोन्ही कडांना काही फूट रुंदीचे खोल चर खणत न्यायचे. माती ढासळू नये म्हणून चर खणतानाच त्यात बेंटोनाइट नावाच्या मातीचा पातळ चिखल भरायचा. चिखलाच्या दाबाने चराच्या बाजू सावरून राहतात. ठरलेली खोली गाठली की पोलादी तुळया त्यात उभ्या सोडायच्या आणि तळापासून काँक्रीट ओतत वर यायचे. काँक्रीट जड, ते खाली बसते आणि चिखल वर ढकलला जातो. तो उपसून पुढच्या चराला वापरायचा. अशी एकाला एक जोडून जमिनीत भिंत उभी राहते आणि वरून पाहणाऱ्याला फक्त रस्त्यातली एक फट दिसते. बॉस्टनमध्ये या भिंती काही ठिकाणी १२० फुटांपर्यंत खोल गेल्या. उत्तर अमेरिकेत हे तंत्र इतक्या मोठ्या प्रमाणावर त्यापूर्वी वापरले गेले नव्हते.

दोन भिंती तयार झाल्या की त्यांच्यावर आडव्या भक्कम तुळया टाकायच्या, जुन्या उड्डाणमार्गाचे वजन हळूहळू त्या तुळयांवर घ्यायचे आणि मग जुने खांब खालून कापायचे. हे शब्दांत सोपे वाटते. पण कल्पना करा, वरच्या गाडीत बसलेला माणूस रेडिओ ऐकत ऑफिसला चालला आहे आणि त्याच्या खालचा खांब कापला जात आहे! तुळयांखाली मग खणत जायचे, मजल्यामागून मजला. दक्षिण स्थानकाजवळ तर नवा बोगदा जुन्या भुयारी रेल्वेच्याही खालून न्यावा लागला.

त्याच स्थानकाकडे येणाऱ्या रेल्वेमार्गांखालून विमानतळाकडच्या रस्त्याचा बोगदा न्यायचा होता. गाड्या तर थांबवता येत नाहीत आणि माती अगदी भुसभुशीत. तेव्हा जमिनीत शेकडो नळ्या घालून त्यांतून अतिथंड खारे पाणी फिरवले आणि मातीच गोठवली. गोठलेली माती दगडासारखी कोरत, काँक्रीटचे प्रचंड पोकळ ठोकळे हायड्रॉलिक जॅकने पुढे ढकलत नेले. दिवसाला जेमतेम तीन फूट. वर लोकल गाड्या चालूच.

खणताना मजेशीर गोष्टीही सापडल्या. सतराव्या शतकातल्या एका घराच्या शौचकुपात पुरातत्त्वज्ञांना बोलिंगच्या खेळातला लाकडी चेंडू मिळाला. हा खेळ त्या काळी तिथे कायद्याने बंद होता. शिवकालातल्या एका बॉस्टनकराने चेंडू कुठे दडवला, की रागाने कोणी फेकला, कोण जाणे. खणलेली सगळी माती सव्वा कोटी घनमीटर भरली. तिचा एक भाग बंदरातल्या स्पेक्टॅकल बेटावर टाकला. तिथे शहराचा जुना उकिरडा होता. माती टाकून तो झाकला आणि २००६ मध्ये तिथे उद्यान खुले झाले.

१९९५ च्या डिसेंबरमध्ये बंदराखालचा बोगदा सुरू झाला. मार्च २००३ मध्ये शहराखालचा उत्तरेकडे जाणारा आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दक्षिणेकडे येणारा रस्ता खुला झाला. चार्ल्स नदीवर केबलांनी तोललेला दहापदरी पूल उभा राहिला. २७ रॅम्पच्या जागी १४ राहिले. आणि मग तो हिरवा लोखंडी उड्डाणमार्ग तुकडे करून उतरवला गेला.

इथपर्यंत ही अभियंत्यांच्या कर्तबगारीची गोष्ट आहे. पण कोणतेही घर न पाडता, कोणतीही गाडी न थांबवता केलेल्या कामाची किंमत कोणीतरी मोजतच असते. १९८०च्या दशकातला अंदाज २८० कोटी डॉलरच्या आसपास होता, तोही १९८२ च्या भावाने. शेवटी खर्च गेला १,४०० कोटींच्या वर. महागाई वजा केली तरी ही वाढ दुपटीहून अधिक भरते. काही वाढ समजण्याजोगी होती. नदीवरच्या पुलाचा आराखडा लोकांच्या विरोधामुळे बदलला, शेजाऱ्यांच्या घरांना आवाज रोखणाऱ्या खिडक्या बसवल्या, जमिनीतून उंदीर बाहेर पडतील म्हणून वेगळी मोहीम चालवली. पण सगळीच वाढ अशी नव्हती. २००० साली उघड झाले की सुमारे १४० कोटी डॉलरची वाढ व्यवस्थापनाने दडवून ठेवली होती. मग केंद्राने आपला वाटा गोठवला आणि उरलेले ओझे मॅसॅच्युसेट्स राज्यावर, म्हणजे कर्जावर पडले. व्याज धरून हा आकडा २,२०० कोटी डॉलरच्या घरात जाईल आणि फेड २०३८ पर्यंत चालेल, असा हिशेब २००८ साली वृत्तपत्रांनी मांडला.

बोगद्यात पाणी गळू लागले. २००४ मध्ये भिंतीच्या एका सदोष भागातून पाणी आत घुसले. आणि १० जुलै २००६ च्या रात्री विमानतळाकडे जाणाऱ्या बोगद्यात छताला टांगलेले काँक्रीटचे फलक एका मोटारीवर कोसळले. त्यात एक महिला मृत्युमुखी पडली. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २००७ मध्ये कारण सांगितले. फलक धरणारे बोल्ट ज्या इपॉक्सीने छतात चिकटवले होते, ते लवकर सुकणाऱ्या जातीचे होते. असे इपॉक्सी सतत ताण राहिला तर अगदी सावकाश सरकत जाते. बोल्ट निसटू लागले आहेत हे १९९९ मध्येच काहींच्या लक्षात आले होते. ते पुन्हा बसवले गेले, पण निसटतात का, हा प्रश्न कोणी मुळाशी जाऊन विचारला नाही. १२० फूट खोल भिंती उभारणाऱ्या कामात माणूस दगावला तो चुकीच्या गोंदामुळे. पुढे व्यवस्थापक कंपन्या आणि इतरांनी मिळून ४५ कोटी डॉलरांहून अधिक भरपाई देऊन तडजोड केली.

आणि वाहतूक? संध्याकाळी शहराच्या मध्यातून उत्तरेला जायला पूर्वी सरासरी साडेएकोणीस मिनिटे लागत, ती तीनच्या आत आली. पण २००८ मध्येच दिसू लागले की मधली गाठ सुटली तशी ती बाहेर सरकली आणि उपनगरांच्या रस्त्यांवर रांगा वाढल्या. पुढे एका वाहतूक-विश्लेषण संस्थेने २०१८ सालासाठी बॉस्टनला अमेरिकेतले सर्वांत कोंडीचे शहर ठरवले. अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच सांगून ठेवले होते की शहरातला रस्ता मोकळा केला, की आजवर वेळ किंवा वाट बदलून जाणारे, बसने-रेल्वेने जाणारे त्याच वेळी त्या रस्त्यावर येतात आणि तो पुन्हा भरतो. टेक्सासमधील ह्यूस्टन शहराने हे अधिक ढळढळीतपणे अनुभवले. तिथला केटी फ्रीवे २००३ ते २००८ या काळात २८० कोटी डॉलर खर्चून रुंद केला. जुन्या रेल्वेमार्गाची जागा घेऊन, सेवा-रस्ते धरून काही ठिकाणी तो २६ पदरी झाला. २०११ ते २०१४ या तीनच वर्षांत त्यावरून संध्याकाळी घरी परतायला लागणारा वेळ निम्म्याहून अधिक वाढला.

ह्यूस्टनकरांच्या हाती रुंद रस्ता उरला. बॉस्टनकरांच्या हाती निदान जमीन तरी आली. उड्डाणमार्ग होता तिथे दीड मैल लांबीचा बागांचा पट्टा २००८ मध्ये रीतसर खुला झाला. नॉर्थ एंडमधून शहरात आता झाडांखालून चालत जाता येते. त्या पट्ट्याला रोझ केनेडी यांचे नाव आहे. त्या १८९० साली नॉर्थ एंडमध्येच जन्मल्या, आणि त्यांचे वडील म्हणजे ज्यांचे नाव त्या हिरव्या उड्डाणमार्गाला होते ते महापौर फिट्झजेराल्ड. वडिलांच्या नावाचा रस्ता गेला आणि लेकीच्या नावाची बाग आली. भोवतालच्या जागांचे भाव मात्र असे वाढले की १९५०च्या दशकात तिथून उठलेल्या कुटुंबांच्या नातवंडांना तिथे घर घेणे अवघडच.

एक हिशेब अजून सांगायचा राहिला. रस्ता रुंद झाल्याने गाड्या आणि धूर वाढेल, म्हणून त्याची भरपाई म्हणून रेल्वे आणि ट्रामची अनेक कामे करण्याचे वचन राज्याने १९९० साली दिले होते. त्यांतल्या बऱ्याच कामांचे कर्ज अखेर शहराच्या सार्वजनिक वाहतूक संस्थेच्या, म्हणजे एमबीटीएच्या, माथी आले. २००० साली तिला विक्रीकराचा ठरावीक हिस्सा देऊन स्वतःच्या पायावर उभे राहायला सांगितले. कराचे उत्पन्न अपेक्षेइतके वाढले नाही, कर्जाचे हप्ते मात्र वेळेवर येत राहिले. डबे, रूळ, सिग्नल यांची दुरुस्ती मागे पडत गेली. २०१५ च्या हिवाळ्यात विक्रमी बर्फ पडला तेव्हा ही सेवा काही वेळा पूर्णच बंद ठेवावी लागली. मोटारींचा रस्ता एक दिवसही बंद पडू नये म्हणून एवढा आटापिटा केला, त्याच शहरात ट्रामच्या फलाटावर लोक थंडीत उभे होते.

१९९०च्या त्या वचनांत सॉमरव्हिल आणि मेडफर्डकडे ट्रामचा फाटा नेण्याचेही वचन होते. सॉमरव्हिल हे बॉस्टनला लागून असलेले कामगारवस्तीचे गाव. १९७०च्या दशकात त्याच्याही अंगावरून एक उड्डाणमार्ग गेला होता. मुदती ठरल्या, उलटल्या, खर्चाचे अंदाज फुगले, एकदा तर सगळे कामच थांबवून नव्याने आखले गेले. त्या फाट्यावरची मेडफर्डची पहिली ट्राम सुटली ती १२ डिसेंबर २०२२ च्या पहाटे, वचन दिल्यानंतर तब्बल ३२ वर्षांनी.